कापसाच्या तंतूवरील पेक्टिनचे आवरण व एंझाइमद्वारा त्याचे निष्कासन

गिरणीतून आलेल्या कच्च्या सुताची एक लड पाण्याने भरलेल्या पात्रात अलगद सोडली, तर ती बराच वेळ तरंगत राहते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळून जातो. उलटपक्षी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध कापसाचा बोळा काही सेकंदांत पाणी पिऊन तळाशी जातो. वस्तुतः दोन्ही पदार्थ एकच. दोहोंचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि सेल्युलोज तर जात्याच जलस्नेही. मग कच्चे सूत पाण्याला विन्मुख का, या प्रश्नाचे उत्तर तंतूच्या अंतर्भागात नसून त्याच्या अतिशय पातळ अशा बाह्य आवरणात आहे. ज्या शहराचे नाव चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंशी कायमचे जोडले गेले आहे, त्या सोलापुरास हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही. पाणी न शोषणारा टॉवेल हा टॉवेलच नव्हे. आणि ज्या सुतात पाणी शिरत नाही, त्यात रंगही नीट शिरत नाही.

सोलापुरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग व पुढे यंत्रमाग यांवर येथील विणकामाचा विस्तार केला. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी यंत्रमागाचा धंदा टिकून राहिला. या धंद्याचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवले पाहिजे. सोलापुरी चादरीची नक्षी ही विणलेल्या कापडावर छापलेली नसते. आधी रंगविलेल्या सुताची जॅकार्डच्या साहाय्याने विणून ती उठवलेली असते. अर्थात सूत स्वच्छ करण्याची क्रिया येथे मागावर जाण्यापूर्वी, लडीच्या अथवा शंकूवर गुंडाळलेल्या सुताच्या स्वरूपात होते. ताण्याला खळ लागते ती त्यानंतर. कोरे विणून मग रंगविण्याच्या टॉवेलांची गोष्ट निराळी. त्यांतील खळ आधी काढावी लागते, आणि त्या कामी स्टार्चचे विघटन करणारे अमायलेज हे एंझाइम वापरण्याची रीत जुनीच आहे. १९१७ साली ब्वादँ आणि एफ्राँ यांनी जीवाणूंपासून मिळविलेले अमायलेज कापडावरील खळ काढण्यासाठी पुढे आणले, तेव्हापासून कापडधंद्याला एंझाइम परके राहिलेले नाही. परंतु खळ ही माणसाने लावलेली असते. येथे विचार करावयाचा आहे तो निसर्गाने लावलेल्या लेपाचा.

कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच लांबत गेलेली कोशिका होय. ती लांबत असताना तिच्याभोवती जी भित्ती असते तिला प्राथमिक भित्ती म्हणतात. वाढ पुरी होत आली की तिच्या आतल्या अंगास जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे थर साचू लागतात. तंतूचे बळ, लकाकी व वजन ही सर्व या आतील थरांची देणगी. प्राथमिक भित्तीत मात्र सेल्युलोजच्या जोडीला पेक्टिन, प्रथिने व हेमिसेल्युलोज असतात, आणि तिच्या वरच्या पृष्ठावर मेणाचा पातळ पापुद्रा असतो. सर्व तंतूचा हिशेब केला तर पेक्टिनचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास भरते. मेणाचे त्याहूनही थोडे कमी. तंतूची जाडी बारा ते वीस मायक्रॉन धरली, तर हे आवरण मायक्रॉनच्या लहानशा अंशाइतकेच आहे. इतक्या अल्प द्रव्याने उरलेल्या सर्व तंतूचा पाण्याशी असलेला संबंध तोडावा, हे पहिल्या दर्शनी खरे वाटत नाही. परंतु पाण्याची गाठ पडते ती पृष्ठाशी, वजनाशी नव्हे.

या आवरणात पाण्याला थोपविण्याचे काम मेण करते, आणि मेणाला जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम पेक्टिन करते. पेक्टिन हे नाव १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरून दिले; त्या शब्दाचा अर्थ थिजणे, गोठणे असा आहे. पेरूची जेली घट्ट होते ती याच द्रव्यामुळे. रासायनिक दृष्ट्या ते गॅलॅक्टुरॉनिक अम्लाच्या एककांची लांब साखळी होय. या अम्लगटांपैकी काही मेथिल गटाने झाकलेले असतात. जे मोकळे असतात त्यांमध्ये कॅल्शियमचे आयन शिरून दोन साखळ्यांत पूल बांधतात. पूल जितके अधिक, तितके पेक्टिन पाण्यात अविद्राव्य. मेणाचा पापुद्रा सोलून काढावयाचा तर त्याखालचा हा डिंक सैल करणे हा एक मार्ग ठरतो.

पेक्टिन सैल करून तंतू मोकळा करण्याची कला महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवी नाही. अंबाडीची अथवा तागाची कापलेली ताटे ओढ्याच्या किंवा डबक्याच्या पाण्यात दडपून ठेवावयाची, काही दिवसांनी ती कुजली की साल सोलून वाख काढावयाचा, आणि त्याचे दोर वळावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कुजविण्याचे हे कर्म म्हणजे पाण्यातील सूक्ष्मजीवांनी स्रवलेल्या एंझाइमांकरवी सालीतील पेक्टिन नाहीसे करणे होय. ताटे वेळेवर बाहेर काढली नाहीत, तर पेक्टिनबरोबर वाखाचे बळही जाते, हे त्या शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक असते.

याच प्रश्नाचे दुसरे आणि अधिक अभ्यासलेले उदाहरण कॉफीच्या मळ्यात आढळते. महाराष्ट्रात कॉफी म्हणजे चिखलदऱ्याची थोडीशी लागवड. तिचा खरा प्रदेश कोडगू व चिक्कमगळूरचा. पिकलेल्या फळाचा गर यंत्राने काढला तरी बियांवर पेक्टिनयुक्त असा बुळबुळीत थर शिल्लक राहतो. नुसत्या पाण्याने तो सुटत नाही, आणि तो तसाच ठेवून बिया वाळविल्या तर त्या चिकटतात, बुरसतात. म्हणून त्या टाक्यांत आंबत ठेवतात. अरेबिका जातीस सामान्यतः चोवीस ते छत्तीस तास लागतात. रोबस्टाचा थर अधिक चिवट असल्याने तीन दिवसही पुरे पडतात असे नाही. थर सुटला की नाही याची मळ्यातील कसोटी साधी आहे. मूठभर बिया धुऊन हातात चोळाव्यात. त्या निसटण्याऐवजी खड्यांसारख्या खरखरीत लागल्या म्हणजे काम झाले. आंबणे लांबले तर मात्र बियांना दुर्गंध येतो आणि मालाची प्रत घसरते. या टाकीत बाहेरून पेक्टिनेज हे एंझाइम घातले, तर दीड दिवसाचे काम काही तासांत उरकते. अंबाडीच्या डबक्यात जे दैवावर सोपविलेले असते, ते येथे मापाने व घड्याळाने करता येते. तथापि एक मर्यादा येथेच नोंदविली पाहिजे. एंझाइम थर सोडविते, नाहीसा करीत नाही. सुटलेले सर्व द्रव्य धुवणाच्या पाण्यात जाते, आणि त्या पाण्याचा सेंद्रिय भार जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. कॉफीत एंझाइमने वाचतो तो मुख्यतः वेळ.

कॉफीच्या बीवर पेक्टिनचा थर आणि बी यांच्यामध्ये एक टणक टरफल असते. एंझाइम वाजवीपेक्षा थोडे अधिक चालले तरी ते आत पोहोचत नाही. कापसात असा बंदोबस्त नाही. पेक्टिनला लागूनच सेल्युलोज, आणि सेल्युलोज हाच माल. म्हणून कापसासाठी वापरावयाच्या एंझाइमात सेल्युलेजची भेसळ जवळजवळ नसावी लागते. असली तर सूत मऊ होते खरे, पण मागावर तुटू लागते.

रूढ पद्धत दाहक सोड्याची. पूर्वी सूत वा कापड बंद लोखंडी भट्टीत सहा ते आठ तास दाबाखाली शिजविले जाई. आता रंगाई-यंत्रातच शेकडा दोन ते चार सोडा घालून उकळीच्या आसपास तासभर ते फिरविले जाते. सोडा पेक्टिनला विद्राव्य करतो, मेणातील काही घटकांचे साबणीकरण करतो आणि उरलेले मेण त्या साबणाच्या आधारे पाण्यात कालवतो. त्याचबरोबर प्रथिने, हेमिसेल्युलोज आणि सरकीच्या सालीचे काळे कण हेही बरेचसे काढून टाकतो. ही पद्धत ढोबळ आहे, पण भरवशाची आहे. शतकाहून अधिक काळ ती टिकली ती उगाच नव्हे. तिचे दोष सर्वपरिचित आहेत. उकळत्या सोड्यात हवा शिरली तर ऑक्सिसेल्युलोज तयार होऊन सूत कमकुवत होते. वजनात शेकडा चार ते सात घट येते, आणि सूत तर किलोवर विकत घेतलेले असते. शेवटी सोडा धुऊन काढण्यास पाण्यामागून पाणी द्यावे लागते व राहिलेला ॲसेटिक अम्लाने मारावा लागतो.

एंझाइमचा पर्याय शोधताना प्रथम अडचण आली ती अशी. फळांच्या रसात व कॉफीत वापरले जाणारे पेक्टिनेज बहुधा ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून मिळते आणि ते अम्लीय माध्यमात, पीएच मूल्य साडेतीन ते पाचच्या दरम्यान, चांगले चालते. कापसाची पुढची-मागची सर्व क्रिया क्षारीय माध्यमातली. शिवाय अम्लीय बुरशीजन्य मिश्रणांत सेल्युलेजची सोबत बहुधा असतेच. यातून वाट निघाली ती निराळ्या जातीच्या एंझाइमामुळे. अल्बर्सहाइम, नॉयकोम व डॉयेल यांनी १९६० साली दाखवून दिले की, पेक्टिनची साखळी पाण्याचा रेणू न घेताही तुटू शकते. जलीय विच्छेदनात तुटलेल्या जागी पाणी जोडले जाते. या विक्रियेत मात्र विलोपन होऊन एका टोकास दुहेरी बंध निर्माण होतो. अशा एंझाइमांना लायेज म्हणतात. पुढे होरिकोशी या जपानी शास्त्रज्ञाने क्षारप्रिय बॅसिलस जीवाणूंपासून क्षारीय माध्यमात चालणारे पेक्टिनेज मिळविल्याचे १९७२ साली प्रसिद्ध केले. क्षारात जीव राहतात हे महाराष्ट्राला नवलाचे वाटू नये. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी तीव्र क्षारीय आहे, आणि तेथील जीवाणूंच्या एंझाइमांवर बराच अभ्यास झालेला आहे. कापसासाठी आज जे पेक्टेट लायेज वापरतात ते याच बॅसिलस कुळातील असून पीएच आठ ते साडेनऊ आणि तापमान पन्नास ते साठ अंश सेल्सिअस यांत ते उत्तम कार्य करते.

या एंझाइमाचा एक स्वभाव रंगशाळेत घोटाळा करू शकतो. पेक्टेट लायेजला कार्यासाठी कॅल्शियमचा आयन लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला मारतात, रंगात डाग पाडतात, म्हणून रंगारी सवयीने प्रत्येक पाण्यात प्रारंभीच सिक्वेस्टरिंग एजंट घालतो. हे द्रव्य कॅल्शियमला कवटाळून बसते. एंझाइमच्या पाण्यात ते आरंभीच घातले, तर एंझाइम उपाशी राहते आणि दोष मात्र एंझाइमच्या माथी येतो. उलट तेच द्रव्य एंझाइमचे काम संपल्यावर घातले, तर साखळ्यांमधील उरलेले कॅल्शियमचे पूल उपटून ते पेक्टिनच्या बाहेर पडण्यास मदत करते. एकच वस्तू वीस मिनिटे आधी घातली तर घातक व नंतर घातली तर हितकर, असा हा प्रकार आहे.

क्रम असा राहतो. सुताला पन्नास-पंचावन्न अंशांच्या पाण्यात वेटिंग एजंटसह एंझाइम द्यावयाचे. वेटिंग एजंट हवाच, कारण मेणाच्या भेगांतून एंझाइमला आत उतरावे लागते. वीस ते तीस मिनिटांत डिंक सैल होतो. परंतु येथे थांबले तर सूत बुडत नाही, आणि अनेक प्रारंभीच्या प्रयोगांत निराशा झाली ती येथेच. पेक्टिन गेले तरी मेण उरतेच. त्याला लायेज स्पर्शही करीत नाही. कापसाचे मेण सत्तर ते ऐंशी अंशांच्या सुमारास वितळते. म्हणून पाण्याचे तापमान पुढे पंचाऐंशी-नव्वद अंशांपर्यंत न्यावे लागते, म्हणजे आधार सुटलेले मेण वितळून, कालवले जाऊन निघून जाते. सरकीच्या सालीचे काळे कण मात्र तसेच राहतात. ते घालविण्यास दाहक सोडा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी कोणाला तरी बोलवावे लागते.

परीक्षण करताना पेक्टिन गेले काय आणि पाणी शिरते काय, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. पहिल्यासाठी रुथेनियम रेड हा रंजक उपयोगी पडतो; तो पेक्टिनच्या मोकळ्या अम्लगटांना धरतो, त्यामुळे कच्चे सूत गडद गुलाबी होते व पेक्टिन गेलेले सूत फिके राहते. एंझाइमची क्रिया चालू असतानाच मोजावयाची असेल, तर वर सांगितलेला दुहेरी बंध कामी येतो. तो जंबुपार प्रकाशात २३५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवितो, आणि ते शोषण वाढण्याचा वेग म्हणजेच एंझाइमची क्रियाशीलता. दुसऱ्या प्रश्नासाठी थेंबाची जुनी कसोटीच उत्तम: ठरावीक उंचीवरून पडलेला थेंब किती सेकंदांत मुरतो ते पाहावयाचे. रुथेनियम रेडने फिके राहिलेले सूतही थेंब धरून बसलेले आढळले, तर मेणाचा टप्पा नीट झाला नाही असे समजावे.

एंझाइम-प्रक्रियेची शिफारस करताना सोडियमचा भार घटतो, इंधन वाचते आणि पाणी वाचते असे तीन लाभ सामान्यतः सांगितले जातात. ते एकाच तोलाचे नाहीत. सोडियमचा मुद्दा सोलापूर जिल्ह्यात विशेष जिव्हाळ्याचा आहे, कारण सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजून संपते, सोडियम संपत नाही. काळ्या चिकण जमिनीत तो साचला की मातीचे कण सुटे होऊन फुगतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण होते. तरीही आकडे पाहिले पाहिजेत. एक किलो सूत दहा लिटर पाण्यात प्रक्रियेस घेतले आणि शेकडा तीन दाहक सोडा वापरला, तर तीस ग्रॅम सोडा लागतो. त्यातील सोडियम सुमारे सतरा ग्रॅम. तेच सूत पुढे रिअ‍ॅक्टिव्ह रंगात लिटरला साठ ग्रॅम मीठ घालून रंगविले, तर सहाशे ग्रॅम मीठ लागते आणि त्यातील सोडियम सुमारे दोनशे छत्तीस ग्रॅम भरतो. एंझाइमने वाचविलेला सोडियम हा मिठातून येणाऱ्या सोडियमच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. रंगाईचे मीठ आहे तसे ठेवून केवळ सुताची भट्टी बदलल्याने जमिनीचे चोपण होणे थांबेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

इंधनाची गोष्टही काहीशी अशीच. एंझाइम पंचावन्न अंशांना चालते हे खरे, पण मेणासाठी पाणी पंचाऐंशीपर्यंत तापवावेच लागते. तीस अंशांचे पाणी अठ्ठ्याण्णवपर्यंत नेण्याऐवजी पंचाऐंशीपर्यंत नेले, तर बचत पाचव्या हिश्श्याची होते. ती नगण्य नव्हे, परंतु जाहिरातीतील आकड्यांइतकी मोठीही नव्हे.

राहता राहिले पाणी, आणि येथे मात्र एंझाइमचा पक्ष बळकट आहे. दाहक सोडा सुतातून घालविण्यास उकळते, कोमट व अम्ल घातलेले अशी एकामागून एक पाणी बदलावी लागतात. एंझाइमचे पाणी सौम्य क्षारीय असल्याने त्यांपैकी निदान दोन वाचू शकतात. दहा लिटरच्या वरील प्रमाणात प्रत्येक बदल म्हणजे किलोमागे दहा लिटर. दोन वाचले तर एका टनामागे वीस हजार लिटर. वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि तोही बेभरवशाच्या असलेल्या जिल्ह्यात ही बचत हिशेबात धरण्याजोगी आहे. वजनातील घटही सोड्याच्या भट्टीच्या मानाने बरीच कमी येते आणि थोडे मेण राहिल्याने सुताचा स्पर्श मऊ राहतो, हे लाभ जोडीला आहेतच.

अर्थात सर्व मालाला एकच मापदंड लावता येत नाही. पांढऱ्या अथवा फिक्या रंगाच्या टॉवेलाला क्षारीय पेरॉक्साइडने शुभ्र करावेच लागते. आजच्या रंगशाळांत सोडा व पेरॉक्साइड एकाच पाण्यात देऊन दोन्ही कामे एकदम उरकतात. त्याच्या आधी एंझाइमचा स्वतंत्र टप्पा घातला तर पाणी वाचण्याऐवजी वाढेल. चादरीच्या गडद तांबड्या, निळ्या, हिरव्या सुताला मात्र शुभ्रता लागत नाही. काळे कण गडद रंगात लपतात, आणि रंग समान बसण्यापुरते पाणी शिरले म्हणजे पुरते. अशा सुताचा शेकडा हिस्सा ज्या रंगशाळेत मोठा, तेथे एंझाइमचा प्रयोग प्रथम करून पाहणे सयुक्तिक होईल. आणि तो ऊर्ध्वपातित पाण्यात न करता त्याच रंगशाळेच्या विहिरीच्या पाण्यात, त्यातील कॅल्शियम आधी मोजून, करावा लागेल.